पुंगीवाल्याच्या गावात माझ्या बांगड्या

पोर माझ्या बांगड्यांच्या आवाजावर वाढली. बहरीनमधल्या जनाबियातला तो व्हिला चांगला ऐसपैस होता, पण मी कुठल्याही खोलीत असले तरी ती आधी रांगत, मग दुडदुडत बरोबर तिथे येऊन पोचायची. माझे दोन्ही हात काचेच्या हिरव्या बांगड्यांनी भरलेले असायचे. भांडी घासताना, कणीक मळताना त्या वाजायच्या. मॅडम म्हणायची, "मावशी, तू चोरी नाही करू शकत. पोलीस घरी बसून ऐकेल."

मॅडम जर्मन. साहेब पुण्याचे, इंजिनियर. शिकायला तिकडे गेले आणि लग्न करूनच आले. मग त्यांना बहरीनला नोकरी लागली. आमचे हे त्यांच्याच कंपनीत ड्रायव्हर होते. आम्ही रत्नागिरीकडचे. पहिली काही वर्षं तिथल्या हूऱ्याच्या दाट वस्तीत एका खोलीत काढली. मॅडमला बाळ झालं तेव्हा साहेबांनी यांना विचारलं, तुमची बायको येईल का बाळाला सांभाळायला. मी नको म्हणत होते. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. चौथीपर्यंत शिकलेली मी, मला इंग्रजी येत नाही, त्या बाईला मराठी येत नाही.

हे म्हणाले, "बाळाला तरी कुठे काय बोलता येतंय? तुमचं दोघींचं जमेल."

जमलं. सव्वा महिन्याची होती तेव्हा माझ्या हातात आली. मला स्वतःला मूल झालं नाही. औषधं झाली, नवस झाले, मग मी ते बोलणंच सोडून दिलं. आम्ही व्हिलाच्या मागच्या खोलीत राहायला आलो. तिची मालिश, धुरी, अंगाई, सगळं मी केलं. मॅडम तिच्याशी जर्मन बोलायची आणि पोर उत्तर मराठीत द्यायची. वरणभात माझ्या हातून, तोही चिऊचा घास, काऊचा घास करून. मॅडमने चमचा पुढे केला की तोंड मिटायची. मग मॅडम चमचा खाली ठेवून उठून जायची. मला कळायचं तिला काय होतंय ते. मला ते आवडायचं, हेही लिहून टाकते. हेवा दुसऱ्याच्या पोटात असतो तोवर बरा वाटतो.

पोरीला सहावं लागलं तेव्हा शाळेचं निघालं. रोज जेवताना साहेब आणि मॅडम त्यावरून जर्मनमध्ये बोलायचे आणि दोघांचंही जेवण अर्धवट राहायचं. एके दिवशी साहेब स्वयंपाकघराच्या दारात आले.

"मावशी, उन्हाळ्यात मॅडमबरोबर जर्मनीला जायचंय. मला रजा नाही. पोर आजीकडे रमली तर तिला तिथेच शाळेत घालू. नाही रमली तर घेऊन या, इथे इंग्लिश शाळेत बघू. तुम्ही असलात की तिला सोपं जाईल."

मी "बरं" म्हटलं.

पोर रमावी म्हणून ते मला नेत होते. ती रमू नये म्हणून मी निघाले. पेटीत मी मेतकुटाचा डबा भरला, पोह्याचे पापड भरले, खोबरेल तेलाची बाटली भरली. एक नवा बांगड्यांचा जोडही कागदात गुंडाळून ठेवला, वाटेत एखादी वाढवली तर असावा म्हणून. यांनी बाब अल बहरीनच्या बाजारातून माझ्यासाठी स्वेटर आणला. उकाड्यात मला तो घालायला लावून हसत बसले. "साहेबीण दिसतेस. परत येशील ना?"

विमान, मग आगगाडी, मग ते गाव. हामेल्न त्याचं नाव. घरं अशी की भिंतीत काळ्या लाकडाच्या उभ्या-आडव्या पट्ट्या आणि मधे चुना, प्रत्येक मजला खालच्या मजल्यापेक्षा जरा पुढे आलेला. वर बघत चाललं की वाटायचं घरं आपल्यावर वाकून बघतायत. दुकानांच्या काचेत उंदीर. लाकडाचे उंदीर, कापडाचे उंदीर, भाजलेल्या पावाचेसुद्धा उंदीर. ज्याच्यासाठी आपल्याकडे पिंजरा लावतात त्याची इथे पूजा मांडलेली.

आजीचं घर नदीच्या बाजूला होतं. पोर तिला ओमा म्हणायची. मी मनात म्हातारीच म्हणायची. उंच, हाडापेराने मोठी, हात कुदळ धरणाऱ्या गड्यासारखे. मागे बाग होती, ती एकटीच करायची. तिने पोरीला उचलायला हात पुढे केले तशी पोर माझ्या पदरामागे लपली. मी पदर सारखा करायच्या निमित्ताने आणखी पसरला.

पहिले काही दिवस माझेच होते. पोर माझ्याजवळ झोपायची, माझ्या हातून जेवायची. टेबलावर काटा-सुरी मांडलेली असायची आणि मी खाली बसून मेतकूटभात कालवायची. म्हातारी नुसती बघायची. एक दिवस पोरच म्हणाली, "मावशी, ओमालापण चिऊचा घास दे."

मी लाजून मेले. पण म्हातारीने खरंच तोंड उघडलं. भरवला मी. तिने सावकाश चावून खाल्ला आणि पोरीला काहीतरी सांगितलं.

"काय म्हणतात?"

"ओमा म्हणते, छान आहे. पण मीठ कमी."

मीठ खरंच कमी होतं. त्याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी म्हातारीने पोरीचे केस धुतले. मी घातलेलं सगळं तेल काढून टाकलं आणि दोन वेण्या घातल्या, इतक्या घट्ट आणि सरळ की माझ्या हातून कधी झाल्या नव्हत्या. पोर आरशासमोरून हलेना. मी रात्री पुन्हा तेल लावलं. सकाळी पुन्हा धुतलेलं. मला तिची भाषा येत नव्हती आणि तिला माझी, पण त्या पोरीच्या डोक्यावर आम्ही रोज भांडत होतो.

मग बाग सुरू झाली. तिथे झुडपांना लाल फळांचे घोस यायचे, करवंदापेक्षा लहान, पोवळ्याच्या मण्यांसारखी, आंबट. सकाळी उठली की पोर म्हातारीबरोबर वाडगा घेऊन मागे जायची. मी स्वयंपाकघरात उरायची. खिडकीतून दोघींची फक्त पाठ दिसायची. मी घासलेली भांडी पुन्हा घासायला काढायची, हात जोरात चालवायची. बांगड्या वाजल्या की पोर येई. "काय गं मावशी?" "काही नाही. पाणी पितेस का?" ती पाणी पिऊन परत जाई. पुढे पुढे ती बागेतूनच ओरडायची, "मावशी, मला तहान नाही!"

रविवारी गावात खेळ असतो, तो बघायला आम्ही सगळ्या गेलो. चौकात एका जुन्या दगडी इमारतीसमोर माणसं जमली होती. मॅडमने बाकावर बसून मला त्या गावाची गोष्ट सांगितली, एव्हाना शिकलेल्या तिच्या मोडक्या मराठीत.

"गावात उंदीर. खूप. एक माणूस आला, रंगीत कपडा. पुंगी वाजवली, सगळे उंदीर नदीत. पण गाव पैसा देत नाही. मग तो परत आला. पुंगी वाजवली, आणि मुलं. सगळी मुलं त्याच्या मागे. डोंगरात. खलास."

"खलास नाही गं मम्मा," पोर म्हणाली. "ओमा म्हणते ती मुलं डोंगराच्या त्या बाजूला निघाली."

मी विचारलं, "पण आया कुठे होत्या?"

"चर्चमध्ये. सगळे मोठे लोक चर्चमध्ये होते."

"पोरांना घरी ठेवून?"

मॅडमने माझ्याकडे नीट पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी तिला टोचायला म्हटलं नव्हतं. पण टोचलं ते मला बरं वाटलं. मी असते तर कुणी नेली नसती, असं माझ्या मनात आलं.

खेळ सुरू झाला. पुंगीवाला लाल-पिवळ्या कपड्यांत, टोपीत पीस. त्याच्या मागे गावातलीच लहान पोरं उंदीर झालेली, राखाडी कपडे आणि लांब शेपट्या. पुंगी वाजली तशी ती सगळी त्याच्या मागे लोळत, उड्या मारत निघाली. थंड वारा आला म्हणून मी शाल सारखी केली. तेवढ्यात हात मोकळा झाला. बघते तर पोर नाही.

मॅडम एका बाजूला धावली. म्हातारी मोठ्याने नाव घेऊन हाका मारायला लागली. तिचा आवाज भरदार, पण चौकात पुंगी आणि माणसांचं हसणं, कुठे पोचणार तो. मला तर घशातून आवाजच निघेना. इतकी परकी माणसं, त्यात मी एकटी लुगड्यातली. मग मी दोन्ही हात डोक्यावर उचलले आणि बांगड्या वाजवल्या. जीव खाऊन वाजवल्या. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. देवीसमोर घागर फुंकायला उभी राहिलेली बाई असते तशी मी दिसत असेन. पण हात खाली घेतले नाहीत.

त्या शेपट्यांच्या घोळक्यातून पोर बाहेर आली. गाल फुगवून.

"मावशी! काय गं! आत्ता नदी येणार होती!"

मी तिला उराशी धरलं. पुंगीवाल्याच्या मागून मी माझी पोर परत आणली होती, तेही त्याच्याच गावात. म्हातारी धापा टाकत आली, छातीवर हात ठेवून उभी राहिली. तिने पोरीकडे एकदाच पाहिलं. मग ती माझ्या मनगटांकडे बघत राहिली. बघ म्हटलं. चांगलं बघून घे.

घरी जाताना पोरीच्या हातात पावाचा उंदीर होता आणि मी ऐटीत पुढे चालत होते. एका जुन्या, नक्षीच्या घराशेजारून एक अरुंद गल्ली जाते, तिथे वळलो. वळताक्षणी म्हातारीने मागून येऊन माझी दोन्ही मनगटं पकडली. बांगड्यांसकट. घट्ट. मी हात ओढून घ्यायला लागले. मला वाटलं, चौकातला राग आता काढतेय.

"मावशी, थांब," मॅडम हळूच म्हणाली. "इथे वाजवायचं नाही. मुलं या गल्लीतून गेली. इथे गाणं नाही, नाच नाही. लग्न आलं तरी बँड बंद. पुढे जाऊन मग वाजवायचा."

मग मला समजलं. आमच्याकडेही वरात निघते तेव्हा वाटेत कुणाच्या घरी माणूस गेलेलं असलं तर वाजंत्री थांबतात. ताशेवाले ताशाच्या कातड्यावर हात ठेवून त्या घरासमोरून पुढे जातात. पण आमचं सुतक तेरा दिवसांत फिटतं. इथे सातशे वर्षं झाली म्हणे, आणि या लोकांनी ते अजून धरलेलं आहे. मी म्हातारीच्या हातातून हात सोडवले आणि माझ्याच पदरात मनगटं गुंडाळली. तिने मान हलवली.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी तिला चांगलं म्हटलं असतं. पण मी बाजूला पाहिलं. पोर म्हातारीचं बोट धरून, चवड्यांवर, आवाज न करता चालली होती. तिला ही रीत ठाऊक होती. कुणी सांगावं लागलं नाही. म्हातारी तिला आधी कधीतरी इथे घेऊन आली होती, शिकवून झालं होतं, आणि पोरीने मला ते सांगितलंही नव्हतं. गल्ली संपेपर्यंत मी त्या दोघींच्या मागे होते, हात बांधलेली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मॅडम माझ्या खोलीत येऊन पलंगाच्या काठावर बसली.

"मावशी, ओमा विचारते. तू जाशील, मग बाळ रात्री रडेल. तू दोन बांगड्या देशील? ती उशीखाली ठेवेल."

तू जाशील. असं मला कळलं. पोर राहणार हे ठरलं होतं आणि मला बांगड्यांच्या निमित्ताने सांगितलं जात होतं.

मी म्हटलं, "सवाष्णीच्या हातातली बांगडी उतरवून देत नाहीत. आमच्यात चालत नाही."

"दोनच," मॅडम म्हणाली. "तुला खूप आहेत."

"चालत नाही."

रीत खरी आहे. आम्ही बांगडी फुटली असंसुद्धा म्हणत नाही, वाढवली म्हणतो. पण पेटीत कागदात गुंडाळलेला नवा जोड होता. तो हातात घातलेला नव्हता, त्याला कसली रीत? मी तो दिला नाही. म्हातारीला बाग होती, फळं होती, सरळ भांग आणि घट्ट वेण्या येत होत्या. आता माझा आवाजपण तिच्याच घरात ठेवायचा? रात्री पोर रडली तर रडू दे. माझ्या नावाने रडू दे. मला तेव्हा असंच वाटलं आणि आज इतक्या वर्षांनी लिहायला बसले तरी वेगळं काही वाटत नाही.

मॅडमने बाहेर जाऊन म्हातारीला सांगितलं असेल. रात्री जेवताना म्हातारीने माझ्या ताटलीत स्वतःहून भात वाढला. वरून चिमूटभर मीठ घातलं. थट्टा होती की काय होतं ते मला समजलं नाही. मी खाल्ला.

निघायच्या सकाळी मॅडमचे डोळे सुजलेले होते. पोर नेहमीप्रमाणे मागे फळं तोडत होती. मॅडम म्हणाली, "मावशी, आवाज नको. तिने बघितलं तर मी जाणार नाही. मला नाही जमणार."

मी पदर दोन्ही मनगटांवर गुंडाळला, गल्लीतल्यासारखा. पेटी मॅडमने उचलली. घरातल्या बोळातून निघालो. एकच झटका दिला असता तर पोर आली असती, हे मला माहीत होतं आणि मॅडमलाही. ती सारखी मागे माझ्या हातांकडे बघत होती. दारापर्यंत पोचलो आणि स्वयंपाकघरातून म्हातारी हात पुसत आली.

तिने माझे हात पाहिले. मॅडम तिला जर्मनमध्ये काहीतरी तोडून बोलली. म्हातारीने ऐकलं न ऐकलं केलं. तिने माझ्या उजव्या मनगटावरचा पदर सोडवला, घाई न करता, मग डाव्या. मग गल्लीत धरली होती तशीच दोन्ही मनगटं धरली आणि स्वतः हलवली. सगळ्या बांगड्या वाजल्या.

पोर धावत आली. तोंड लाल, हात लाल, वेण्या सुटलेल्या. तिने पेटी पाहिली, गाडी पाहिली.

"मावशी, कुठे चाललीस?"

"बहरीनला."

"बाबाकडे?"

"हो."

ती आधी मॅडमला बिलगली, मग माझ्या कमरेला. मी खाली बसले, तिला जवळ घेतलं, तिच्या डोक्याला तेलाचा वास अजिबात नव्हता. मी वाट बघत होते. आता रडेल, आता म्हणेल मी पण येते, आणि मॅडम पेटी खाली ठेवील.

"थांब हं," पोर म्हणाली आणि आत पळाली. परत आली ती मूठ भरून फळं घेऊन. माझ्या ओंजळीत ओतली. "विमानात खा. बी थुंकू नको, गिळायचं असतं."

मग तिने म्हातारीचं बोट धरलं आणि ओढलं. "ओमा, यल्ला!"

यल्ला म्हणजे अरबीत चल. आमचे हे सकाळी गाडी सुरू करताना म्हणायचे, मी तिला आंघोळीला पिटाळताना म्हणायची. आमच्या मागच्या खोलीतला तो शब्द. म्हातारीला त्याचा अर्थ कळत होता. ती वळली आणि पोरीबरोबर बागेकडे गेली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिला पाहायची गरज नव्हती. पोर माझ्या आवाजावर येईल हे तिला ठाऊक होतं, आणि ती परत आपल्याकडे जाईल हेही. हातांवर पदर गुंडाळून मी निघून गेले असते, तर पोर माझ्यावाचून तळमळत असेल अशी समजूत घेऊन मी जन्मभर राहिले असते. तेवढंही म्हातारीने माझ्याकडे ठेवलं नाही.

विमानतळावर हे गाडी घेऊन आले होते. मॅडम मागे डोळे मिटून बसली. मी पुढे. थोडं अंतर गेल्यावर यांनी, साहेबांकडून त्या गावाची गोष्ट ऐकली होती म्हणून, हळूच विचारलं, "काय गं, पुंगीवाला दिसला का?"

"दिसला."

"कसा होता?"

"म्हातारी होती," मी म्हटलं.

व्हिलात मला काम उरलं नाही. साहेबांनी चांगल्या मनाने हूऱ्यातल्या एका मराठी कुटुंबाकडे माझी सोय केली. तिथे दोन लहान मुलं होती. जायच्या आदल्या दिवशी मी हाताला साबण लावून बांगड्या उतरवल्या, हातात एकेकच ठेवली. कागदातल्या जोडाला हात लावला नाही. तिथल्या बाईने विचारलं, "अहो मावशी, सवाष्णीचे हात असे रिकामे का?"

"लहान मुलं आहेत," मी म्हटलं. "काच लागायला नको."

एकटी बांगडी वाजत नाही. त्या घरातली मुलं मला हाका मारत खोल्याखोल्यांतून शोधायची, आणि मी लगेच ओ द्यायची नाही.